टी-वन संपता संपेना? चिमूटभर मोरचूद घाला, पण आधी हे वाचा

सॉलिड एनएमआर, म्हणजे घन पदार्थ मोठ्या चुंबकात ठेवून त्यातल्या अणुकेंद्रकांचा (न्यूक्लियसचा) सिग्नल मोजणं, हे ज्यांनी एकदा तरी केलंय त्यांना हे दुखणं माहीत असणार. रोटर (सॅम्पलची फिरणारी नळी) भरला, फिरवला, रेडिओ लहरींचा पल्स दिला, सिग्नल आला, आणि आता पुढचा पल्स द्यायचा तर स्पिन, म्हणजे न्यूक्लियसची छोटी चुंबकं, परत जागेवर येईपर्यंत बसा वाट बघत. याला रिलॅक्सेशन म्हणतात आणि त्याला लागणाऱ्या वेळेचं माप म्हणजे टी-वन. टी-वन १०० सेकंद असेल तर नियमाप्रमाणं पाचपट म्हणजे ५०० सेकंद थांबायचं, ६४ स्कॅन घ्यायचे तर ३२,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ नऊ तास. सांगलीहून पहाटेची एसटी पकडून पुण्याला गेलेल्या पोराला मशीनचे मिळालेत दोन तास. झालं कल्याण.

मला वर्षातून दोनतीन तरी फोन येतात, दादा काय करू, स्लॉट वाया गेला. तर एकदाच सगळं लिहून टाकतो. उपाय जुनाच आहे, सॅम्पलमध्ये थोडासा पॅरामॅग्नेटिक (जोडी न जमलेला इलेक्ट्रॉन असलेला) मेटल आयन मिसळायचा, यालाच डोपिंग म्हणतात, टी-वन खाली येतो. वरच्याच उदाहरणात टी-वन २ सेकंदांवर आला तर तेच ६४ स्कॅन अकरा मिनिटांत होतात, आणि नऊ तास असतीलच हातात तर पन्नासपट स्कॅन होऊन सिग्नल-टू-नॉइज (गोंगाटाच्या मानानं सिग्नल) सातपट वाढतो. पण "थोडासा" म्हणजे किती, कुठला आयन, आणि तो नेमका कुठं जाऊन बसला पाहिजे यावर सगळं अवलंबून आहे, आणि लोक चुकतात ते तिथंच.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या, नुसती रेसिपी पाठ करून उपयोग नाही. सॉलिडमध्ये न्यूक्लियसला आपली जादा एनर्जी लॅटिसला, म्हणजे आजूबाजूच्या क्रिस्टलला, द्यायची असते आणि ती घेणारा कुणी नसतो. द्रवात मॉलिक्यूल गरागरा फिरत असतात त्यामुळं बदलतं मॅग्नेटिक फील्ड आयतं मिळतं, क्रिस्टलमध्ये सगळे आपापल्या जागी गप बसलेले. शुद्ध हिऱ्यातल्या कार्बन-१३ ला किंवा चांगल्या क्वार्ट्झमधल्या सिलिकॉन-२९ ला म्हणूनच तासच्या तास लागू शकतात. आता यात एक असा आयन घाला ज्याच्याकडं जोडी न जमलेला इलेक्ट्रॉन आहे. इलेक्ट्रॉनचं मॅग्नेटिक मोमेंट (चुंबकाचा जोर) प्रोटॉनच्या, म्हणजे हायड्रोजनच्या न्यूक्लियसच्या, ६५८ पट असतं आणि परिणाम जातो वर्गात, म्हणजे सव्वाचार लाखाच्या पुढंच. वर हा इलेक्ट्रॉन स्वतः सारखा उलटसुलट होत असतो, म्हणजे आजूबाजूच्या न्यूक्लियसना हवं असलेलं हलतं फील्ड घरबसल्या मिळालं. फक्त अंतर वाढलं की हा परिणाम सहाव्या घातानं पडतो, अंतर दुप्पट तर असर ६४ पट कमी. एक नॅनोमीटरवरच्या प्रोटॉनला जे मिळतं ते दोन नॅनोमीटरवरच्याला जवळपास मिळतच नाही.

मग लाखात एखादा आयन असला तरी अख्खा क्रिस्टल रिलॅक्स होतो, हे कसं? हा प्रश्न सुरुवातीच्या काळात भल्याभल्यांना पडला होता, क्रिस्टलच्या कंपनांवरून हिशोब केला तर टी-वन प्रचंड यायला पाहिजे आणि प्रयोगात येत होता कितीतरी कमी. १९४९ मध्ये ब्लूमबर्गन या भौतिकशास्त्रज्ञानं उत्तर दिलं, स्पिन डिफ्यूजन. शेजारशेजारचे दोन सारखे न्यूक्लियस एकमेकांशी अदलाबदल करतात, एक वर गेला की दुसरा खाली येतो, एनर्जी तेवढीच राहते पण एक घर पुढं सरकते. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत ज्यांनी घरं साफ केलीत त्यांना मी एवढंच सांगतो: आतल्या खोलीतला गाळ बाहेर काढायला प्रत्येक माणूस रस्त्यावरच्या ट्रॉलीपर्यंत चालत जात नव्हता, ओळ लावून घमेली हातोहात पुढं जात होती. ट्रॉली म्हणजे आपला आयन. आता यात एक गंमत आहे, आयनला अगदी लागून असलेल्या न्यूक्लियसवर त्याचं फील्ड एवढं असतं की त्यांची फ्रिक्वेन्सीच सरकते, मग बाकीच्यांशी त्यांची अदलाबदल जमत नाही. ते आपले थेट ट्रॉलीत टाकतात पण साखळीत नसतात, आणि बऱ्याचदा स्पेक्ट्रममध्ये दिसतही नाहीत. याला डिफ्यूजन बॅरियर म्हणतात. हे डोक्यात ठेवा, डोपिंग जास्त झालं की सिग्नल कुठं गायब होतो ते इथनंच कळतं.

आता आयन कुठला घ्यायचा. पोरं सरळ टेबल उघडतात आणि सगळ्यात जास्त अनपेअर्ड इलेक्ट्रॉनवाला उचलतात, गॅडोलिनियम सात, मँगनीज टू-प्लस आणि हाय-स्पिन फेरिक पाच-पाच, क्रोमियम थ्री-प्लस तीन, निकेल दोन, कॉपर टू-प्लस एक. इलेक्ट्रॉन किती हे महत्त्वाचं आहेच, पण तेवढ्यानं भागत नाही, तो किती वेगानं उलटतो हेही बघायला लागतं. न्यूक्लियसची फ्रिक्वेन्सी आणि इलेक्ट्रॉनचा उलटण्याचा वेळ जुळला की रिलॅक्सेशन सगळ्यात जोरात, ४०० मेगाहर्ट्झवर प्रोटॉनसाठी हा वेळ साधारण ०.४ नॅनोसेकंद येतो. कॉपर, मँगनीज, गॅडोलिनियम हे सावकाश गटातले, नॅनोसेकंदाच्या आसपास, म्हणून ते टी-वन झटक्यात पाडतात. कोबाल्ट टू-प्लस किंवा डिस्प्रोसियमसारखे बरेच लँथनाइड त्यापेक्षा शेकडो-हजारोपट वेगानं उलटतात, ते पीक इकडंतिकडं सरकवतात, पण टी-वन त्या मानानं कमी हलवतात. आणि सावकाश गटातला आयन लाइनही (स्पेक्ट्रममधलं पीक) रुंद करतो, गॅडोलिनियम तर फारच, त्यामुळं जोर जास्त म्हणून तोच घ्या असं नाही. मिरजेत एमआरआय काढताना शिरेतून जे कॉन्ट्रास्ट देतात ते बहुतेक वेळा गॅडोलिनियमचंच असतं, तिथं शरीरातल्या पाण्याचे प्रोटॉन आहेत आणि इथं क्रिस्टल, पण मूळ धंदा तोच. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्यानं कॉपर घ्यावं. स्वस्त, रंगावरून अंदाज येतो, आणि हाताबाहेर जायला वेळ लागतो.

आणि कॉपर म्हटलं की आपल्याकडं दुकानात जायचीही गरज नाही. तासगावला मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी (बुरशीचा रोग) येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण मारतात, एक टक्क्याचं म्हणजे किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), किलो चुना, शंभर लिटर पाणी. शेडमध्ये मोरचुदाची पिशवी, शेजारी झिंक सल्फेट, शेजारी ०-०-५० ची पोती. मी एकदा ते बघत उभा राहिलो तर मामा म्हणाले, "अरं काय शोधतुयास?" म्हटलं मामा तुमच्याकडं अख्खी डोपिंगची मालिका पडलीय. कारण बघा, कॉपर सल्फेट पॅरामॅग्नेटिक, झिंक टू-प्लसचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीत म्हणून तो गप, आणि ०-०-५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. यातली झिंक आणि पोटॅशियमची सल्फेटं मिळून टटन सॉल्ट नावाचा सुंदर क्रिस्टल होतो, पोटॅशियम झिंक सल्फेट, सहा पाण्याचा, म्हणजे क्रिस्टलमध्येच पाण्याचे सहा रेणू असलेला. त्याच रचनेचं कॉपरचंही सॉल्ट आहे. म्हणून झिंकच्या जागी कॉपर अलगद जाऊन बसतं.

हे "जागी बसणं" फार महत्त्वाचं. नुसतं झिंक सल्फेट घेऊन त्यात मोरचूद टाकलं तर? झिंक सल्फेट सात पाण्याचं, मोरचूद पाच पाण्याचं, क्रिस्टलची घडणच वेगळी, कॉपर जास्त झालं की निळे खडे वेगळे आणि पांढरे वेगळे पडायला लागतात. मग तुम्ही जे मोजता ते दोन पावडरींचं मिश्रण. खलबत्त्यात कोरडं मोरचूद कालवून "डोप केलं" म्हणणारेही भेटलेत मला, त्यांच्याशी वाद घालायचं सोडून दिलंय.

अमोनियम सल्फेट घेऊनही टटन सॉल्ट होतं, खत म्हणून ते आणखी स्वस्त, पण ते घेऊ नका. अमोनियम आयन क्रिस्टलमध्ये स्वतःच फिरत असतो, त्याच्या फिरण्यानंच प्रोटॉन रिलॅक्स होतात, मग कॉपरचा असर त्याच्याखाली झाकला जातो. मला हे समजायला एक अख्खा उन्हाळा लागला.

आता प्रत्यक्ष कृती. पोटॅशियम सल्फेट १७.४ ग्रॅम, सात पाण्याचं झिंक सल्फेट २८.८ ग्रॅम, दोन्ही ०.१ मोल झाले. पोटॅशियम सल्फेट विरघळायला आळशी आहे, १०० ते १२० मिली गरम पाण्यात आधी ते एकटं पूर्ण विरघळू द्या, मग झिंक घाला, पातळ सल्फ्युरिकचे एकदोन थेंब टाका म्हणजे गढूळ होत नाही. गरम असतानाच गाळा. कॉपरसाठी वेगळं द्रावण करायचं, पाच पाण्याचं कॉपर सल्फेट २.५ ग्रॅम घेऊन एकूण १०० मिली करा, याचा १ मिली म्हणजे आपल्या घाण्याला ०.१ टक्का. ०.१ टक्क्याला लागणारं कॉपर २५ मिलीग्रॅमच भरतं, ते साध्या काट्यावर तोलायला जाऊ नका, पिपेटनं घ्या. मालिका करा: शून्य, ०.१, ०.३, १ आणि ३ टक्के, तेवढं झिंक कमी करत. पाचही बीकर एकाच दिवशी, एकाच खोलीत, वर गाळण कागद झाकून, आणि हलवायचे नाहीत. सांगलीच्या एप्रिलमध्ये दोनतीन दिवसांत खडे दिसायला लागतात, पावसाळ्यात कृष्णाकाठच्या दमट हवेत मात्र आठवडा गेला तरी नुसतं पाणीच बघत बसाल. शून्यवाले खडे काचेसारखे, तीन टक्केवाले फिक्कट निळे. घरातली भांडी वापरू नका हे सांगायला लागू नये पण सांगतो, मोरचूद विषारी आहे.

खडे ओव्हनमध्ये वाळवायचे नाहीत. क्रिस्टलमधलंच पाणी निघून जाईल आणि तुमचे प्रोटॉन तेच आहेत. गाळण कागदावर टिपून घ्या, हलक्या हातानं बारीक करा. आणि लक्षात ठेवा, द्रावणात १ टक्का घातलं म्हणून खड्यात १ टक्का आलं असं होत नाही, थोडे खडे बाजूला काढून कॉपर मोजून घ्या, अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन (धातूचं प्रमाण मोजायचं यंत्र) बऱ्याच कॉलेजांत असतं. अंदाजासाठी: खरंच १ टक्का असेल तर दोन कॉपरमधलं सरासरी अंतर साधारण ३ नॅनोमीटर येतं, ०.०१ टक्का असेल तर १५ च्या आसपास. प्रमाण शंभरपट कमी केलं तरी अंतर पाचपटही वाढत नाही, घनमूळ आहे ना ते. म्हणूनच एवढ्याशा आयनचा एवढा दबदबा.

इथं माझी फजिती सांगतो. पहिली मालिका मी शेडमधल्याच मालावर केली, हौस. मोजलं तर शून्य टक्केवाल्याचाच टी-वन एवढा कमी की ०.१ आणि शून्य यांच्यात फरकच दिसेना. दोन दिवस प्रोब, पल्स, फिटिंग सगळं तपासलं, शेवटी कळलं की शेतीच्या झिंक सल्फेटमध्ये आधीच लोह आणि मँगनीज होतं. खताचं काही चुकलं नाही, पिकाला ते चालतं, उलट बरंच. चूक माझी. वर पिशवीवर २१ टक्के झिंक आहे का ३३ ते बघायचं असतं, २१ वालं सात पाण्याचं आणि ३३ वालं एका पाण्याचं, ते न बघता वजन केलं तर मोलच चुकतात. आणि चिलेटेड झिंक (सेंद्रिय रेणूत बांधलेलं) तर घेऊच नका. तेव्हा सराव मामांच्या मालावर करा, पेपरसाठी अॅनालिटिकल ग्रेड आणा आणि तोही दोनदा रीक्रिस्टलाइज करा. डोपिंगच्या कामात सगळ्यात अवघड सॅम्पल शून्याचं असतं, बाकीचे चार आपोआप होतात.

मोजणी. इन्व्हर्शन रिकव्हरी (मॅग्नेटायझेशन उलटं करून परत येताना मोजायची पद्धत) पुस्तकात आधी येते पण लांब टी-वनसाठी सॅच्युरेशन रिकव्हरीच करा, म्हणजे सुरुवातीला ९० अंशाच्या पल्सची रांग मारून सगळं मॅग्नेटायझेशन शून्य करायचं, मग ठरावीक वेळ थांबून एक पल्स, सिग्नल बघायचा. दर वेळी पाच टी-वन थांबावं लागत नाही हा मोठा फायदा. थांबायचे वेळ समान अंतरानं घेऊ नका, लॉग स्केलवर घ्या, एक मिलिसेकंदापासून सुरू करून सिग्नल वाढायचा थांबेपर्यंत, किमान पंधरा बिंदू. सुरुवातीचे लहान वेळ टाळायचा मोह होतो कारण तिथं सिग्नल किरकोळ असतो, पण आयनच्या जवळच्या न्यूक्लियसची सगळी बातमी तिथंच आहे.

मग फिट. साध्या एक्स्पोनेन्शियलनं नीट बसलं तर समजा घमेल्यांची ओळ जोरात चाललीय, डिफ्यूजन सगळ्यांना एकाच टी-वनवर आणतंय. नाही बसलं तर स्ट्रेच्ड एक्स्पोनेन्शियल लावा, वेळ भागिले टी-वन याला बीटाचा घात. बीटा १ च्या जवळ म्हणजे वरची स्थिती, बीटा ०.५ च्या जवळ म्हणजे डिफ्यूजन जवळपास बंद, जो तो आपापल्या अंतरावरून थेट आयनशी व्यवहार करतोय. याची दुसरी खूण प्रमाणात दिसते. प्रत्येक सॅम्पलच्या रिलॅक्सेशनच्या दरातून शून्यवाल्याचा दर वजा करा आणि कॉपरच्या प्रमाणाशी लॉग-लॉगवर काढा, उतार १ आला तर डिफ्यूजन आहे, २ आला तर नाही. दोन्ही खुणा एकच सांगत असतील तर निवांत झोपा. बीटा १ म्हणतोय आणि उतार २ म्हणतोय असं आलं तर सॅम्पलमध्ये कॉपर सारखं पसरलेलं नाही अशी पहिली शंका घ्या.

प्रोटॉन दाट असतात, एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळं टटन सॉल्टमध्ये उतार १ ची अपेक्षा ठेवा. सिलिकॉन-२९ निसर्गात ४.७ टक्केच, कार्बन-१३ तर १.१ टक्के, शेजारी सारखा न्यूक्लियस सापडणं मुश्कील, ओळच लागत नाही, तिथं बीटा ०.५ कडं झुकतो. सिलिकेट काचेवर काम करणारे लोक म्हणून वितळवतानाच ०.१ टक्क्याच्या आसपास कोबाल्ट, मँगनीज किंवा गॅडोलिनियमचं ऑक्साइड घालून ठेवतात. आणि रोटर जोरात फिरवला की मॅजिक अँगल स्पिनिंगमुळं (ठरावीक कोनात तिरकं धरून फिरवल्यामुळं) प्रोटॉनमधली पकडही ढिली होते, डिफ्यूजन मंदावतं, त्यामुळं स्थिर सॅम्पलचा टी-वन आणि फिरत्याचा टी-वन वेगळा येणारच, दोन्ही एका तक्त्यात घालून तुलना करू नका. फिरताना सॅम्पल तापतंही, हायड्रेट असेल तर पाणी सुटायला लागतं, तेव्हा उगाच सगळ्यात वरचा स्पीड गाठायची हौस नको.

किती घातलं की जास्त झालं? क्रॉस पोलरायझेशन (प्रोटॉनचं मॅग्नेटायझेशन कार्बनला देणं) करत असाल तर टी-वन कमी झाल्याच्या आनंदात टी-वन-रो (रेडिओ लहरी चालू असतानाचा रिलॅक्सेशनचा वेळ) विसरू नका, तोही पडतो, आणि तो कॉन्टॅक्ट टाइमपेक्षा (ही देवाणघेवाण चालू ठेवायच्या वेळेपेक्षा) लहान झाला की प्रोटॉनकडून कार्बनकडं काही पोचायच्या आधीच सगळं संपलेलं असतं. लाइन रुंद होतेय, एकूण सिग्नलचं क्षेत्रफळ सॅम्पलच्या वजनाच्या मानानं घटतंय, ही दोन लक्षणं दिसली की एक पायरी मागं या. टी-वन एकदोन सेकंदांवर आला की माझ्या मते थांबावं. पाच टी-वन थांबायचा नियमही मोजमापासाठी आहे, नुसता चांगला स्पेक्ट्रम हवा असेल तर ९० अंशाच्या पल्सला १.२६ टी-वन एवढंच थांबणं ठरलेल्या वेळात सगळ्यात जास्त सिग्नल-टू-नॉइज देतं. डोप न करता नुसतं एवढं बदलूनही काहींचं काम भागतं, आधी ते करून बघा की.

आपल्याकडच्या मातीवर काम करणाऱ्यांसाठी वेगळं. काळ्या मातीत डोपिंगचा प्रश्नच येत नाही, ती जन्मतः डोप आहे. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये लोहाची ऑक्साइडं १० टक्क्यांच्या वर, कासच्या पठारावरचा लाल जांभा तर लोह आणि अॅल्युमिनियमच उरलेला दगड. अशा सॅम्पलमध्ये टी-वन एवढा लहान आणि लाइन एवढी रुंद की सिग्नल दिसतच नाही, इथं आयन घालायचे नसून काढायचे असतात. सेंद्रिय कार्बन बघायचा असेल तर मातीवर आधी पातळ हायड्रोफ्लोरिक अॅसिडची प्रक्रिया करतात, ते अॅसिड अत्यंत धोक्याचं आहे, ज्या लॅबमध्ये त्याची सोय आणि शिकलेला माणूस आहे तिथंच, घरी किंवा कॉलेजच्या साध्या लॅबमध्ये अजिबात नाही. आणि पाठवायच्या आधी सॅम्पलला साधा लोहचुंबक लावून बघा. कृष्णेच्या वाळूत चुंबक फिरवला की काळी मिशी चिकटते ना, ते मॅग्नेटाइट, ते रोटरमध्ये गेलं तर फिरणंच अडखळतं आणि मशीनवाला तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही.

सच्छिद्र सॅम्पल असेल, झिओलाइट किंवा अॅक्टिव्हेटेड कार्बन, तर हवेतला ऑक्सिजनसुद्धा पॅरामॅग्नेटिक आहे, दोन अनपेअर्ड इलेक्ट्रॉन. एकदा व्हॅक्यूम देऊन बंद केलेला आणि एकदा उघडा असा टी-वन घ्या, फरक आला तर तुमचा आयन एकटा काम करत नव्हता.

सॅम्पल पाठवताना फॉर्मवर कॉपर किती ते ठळक लिहा, बाटलीवर बॉलपेननं नको, घामानं पुसतं, पेन्सिलनं लिहून वर चिकटपट्टी. शून्याचं सॅम्पल सगळ्यात आधी लावायला सांगा, त्याला वेळ सगळ्यात जास्त लागतो, आणि संध्याकाळच्या गाडीची घाई झाली की नेमकं तेच राहून जातं.